सायबर सुरक्षा कंपनीने समाजकार्य, संशोधन आणि खेळ यांना पाठबळ कसे द्यावे

सायबर सुरक्षेच्या क्षेत्रातील बहुतेक कंपन्या कधी ना कधी एखाद्या सामाजिक संस्थेला देणगी देतात, एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला मदत करतात किंवा एखाद्या संघाच्या जर्सीवर आपले बोधचिन्ह झळकवतात. ही मदत बहुधा मागणी येईल तशी, ओळखीपाळखीतून आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिलेल्या रकमेतून होते. तिचा उपयोग होत नाही असे नाही. परंतु अशा कंपनीकडे पैशापेक्षाही दुर्मीळ असे जे असते, म्हणजे प्रशिक्षित माणसांचे तास, ते या मदतीत क्वचितच उतरते. देणगी कोणताही व्यवसाय देऊ शकतो. एखाद्या वाचनालयाच्या सर्व्हरवरील त्रुटी शोधून ती दुरुस्त करून देणे मात्र मोजक्यांनाच जमते.

पेनिट्रेशन टेस्टिंग (परवानगीने हल्ला करून त्रुटी शोधणे), सल्लासेवा, देखरेख किंवा हल्ल्यानंतरचा तपास अशी कामे करणाऱ्या लहान आणि मध्यम कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्यातील मुख्य आग्रह असा, की विनामूल्य कामालाही ग्राहकाच्या कामाइतकीच शिस्त लावावी आणि लेखी व्याप्ती, लेखी परवानगी, ठरलेली मुदत व जबाबदार व्यक्ती या चार गोष्टींशिवाय ते हाती घेऊ नये.

पहिली पायरी: देण्यासारखे काय आहे ते मोजावे

सुरुवात मागण्यांच्या यादीपासून न करता स्वतःच्या साधनांच्या यादीपासून करावी. कर्मचाऱ्यांचे तास, वापरातून निघालेली पण चालू स्थितीतील यंत्रसामग्री, संध्याकाळी मोकळी असणारी बैठकीची खोली, कंपनीने तयार केलेली अंतर्गत साधने आणि रोख रक्कम या पाच बाबी वेगवेगळ्या लिहून काढाव्यात. यांपैकी तासांचा हिशेब सर्वांत अवघड असतो. दोन प्रकल्पांच्या मधल्या रिकाम्या वेळात समाजकार्य करू, असे ठरवणाऱ्या कंपनीत ते काम जवळजवळ कधीच पूर्ण होत नाही, कारण रिकामा वेळ आला की विक्री विभाग तो भरून काढतो आणि न भरल्यास कर्मचारी साहजिकच साचलेल्या रजा घेतात. म्हणून प्रत्येक तांत्रिक कर्मचाऱ्याचा महिन्यातून एक दिवस यासाठी राखून ठेवावा, तो कामाच्या वेळापत्रकात ग्राहकाच्या नावासारखाच नोंदवावा आणि त्या दिवसाचा पगार कोणत्या खात्यातून जाणार हे आधीच ठरवावे. महिन्याला एक दिवस परवडत नसेल तर तीन महिन्यांतून एक दिवस ठेवावा. पण जो ठेवला तो पाळावा.

निर्णय कोण घेणार हेही याच टप्प्यावर ठरवणे बरे. तांत्रिक विभागातील एक, लेखा विभागातील एक आणि तुलनेने नवा असलेला एक कर्मचारी अशी तिघांची समिती पुरेशी होते. विक्री विभागाने माहिती जरूर द्यावी, परंतु त्याला मत असू नये. मदत घेणाऱ्या संस्थेकडे संभाव्य ग्राहक म्हणून पाहण्याचा मोह इतका स्वाभाविक आहे, की तो नियमानेच रोखावा लागतो. एक साधा नियम उपयोगी पडतो: ज्या संस्थेला विनामूल्य मदत केली, तिला पुढील १२ महिने आपणहून कोणताही विक्रीप्रस्ताव द्यायचा नाही आणि तिने स्वतःहून सशुल्क काम मागितले, तर आपल्या दरपत्रकासोबत अन्य दोन कंपन्यांची नावेही सुचवायची. ‘मोफत तपासणी’ या नावाखाली भीती दाखवून गिऱ्हाईक गळाला लावण्याचा प्रकार या व्यवसायात पुष्कळ झाला आहे आणि त्यामुळे खऱ्या मदतीकडेही लोक संशयाने पाहतात.

दुसरी पायरी: ज्या मुक्तस्रोत साधनांवर आपण जगतो त्यांच्यापासून आरंभ

समाज म्हटले की डोळ्यांसमोर गरजू संस्था येतात. पण सुरक्षा कंपनीचा सर्वांत जवळचा समाज म्हणजे ती रोज वापरत असलेल्या मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रणालींची देखभाल करणारे लोक होत. नेटवर्क तपासण्यासाठी एनमॅप, त्यावरील वाहतूक पाहण्यासाठी वायरशार्क आणि या सर्वांच्या खाली लिनक्स ही कार्यप्रणाली, ही साधने नसती तर यातील अर्ध्या कंपन्या उभ्याच राहिल्या नसत्या.

या क्षेत्रातील दुर्लक्षाची किंमत काय असते याची दोन उदाहरणे प्रत्येक समितीने वाचावीत. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ ही ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या ग्रंथालयातील (इतर प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या तयार कोडच्या संचातील) त्रुटी जाहीर झाली, तेव्हा असे उघड झाले, की जगातील असंख्य संकेतस्थळांचा भार पेलणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलरच्या आसपास देणग्या मिळत होत्या. त्यानंतर त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांना एकत्र आणून अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. दुसरे उदाहरण २०२४ च्या मार्चमधले आहे. एक्सझेड या माहिती संक्षिप्त करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी छुपा प्रवेशमार्ग पेरला होता आणि अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच या दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने लॉग-इन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडल्यामुळे तो उघडकीस आला. छुपा मार्ग पेरणाऱ्याने दोनेक वर्षे नेमाने उपयोगी काम करून विश्वास मिळवला होता, तर बनावट भासणाऱ्या काही खात्यांवरून एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या थकलेल्या देखभालकर्त्यावर ‘काम इतके संथ का’ असा दबाव आणला गेला होता. देखभालकर्त्याला पैशांइतकीच विश्वासू सहकाऱ्याची गरज होती आणि ती जागा हल्लेखोराने भरली.

यातून कंपनीने करायचे काम असे निघते. आपण वापरत असलेल्या साधनांची व ग्रंथालयांची यादी काढावी, प्रत्येकाची देखभाल किती जण करतात ते पाहावे आणि एक-दोघांवरच चाललेले दोन प्रकल्प निवडावेत. दोनच निवडावेत, कारण दहा प्रकल्पांना थोडेथोडे देण्याने कोणाचेच भागत नाही. मग देखभालकर्त्याला थेट विचारावे, की तुम्हाला काय हवे आहे. उत्तर अनेकदा अनपेक्षित असते: नवी सुविधा नको असते, तर जुन्या तक्रारींची छाननी करणारा माणूस, आपोआप चालणाऱ्या चाचण्या किंवा अद्ययावत दस्तऐवज हवे असतात. त्रुटी कळवायची असल्यास कोणत्या आवृत्तीत, कोणत्या प्रणालीवर, कोणत्या क्रमाने काय केले असता काय घडते आणि काय घडायला हवे होते, हे सर्व लिहावे. ती पुन्हा घडवून दाखवणारा शक्य तितका छोटा नमुना सोबत द्यावा आणि जमल्यास दुरुस्तीही द्यावी. स्वयंचलित साधनाने काढलेली शंभर ओळींची यादी न तपासता पाठवणे म्हणजे मदत करण्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या गळ्यात काम घालणे आहे. रोख मदत करायची तर ती दरवर्षी ठरलेल्या तारखेला मिळेल अशी व्यवस्था करावी. लहान पण खात्रीची रक्कम एकदाच मिळालेल्या मोठ्या रकमेपेक्षा देखभालकर्त्याला अधिक उपयोगी पडते, कारण तिच्या भरवशावर तो आपल्या वेळेचे नियोजन करू शकतो.

तिसरी पायरी: सामाजिक संस्थांच्या सुरक्षेचे काम

सेवाभावी संस्था, शाळा, वाचनालये, वृद्धाश्रम यांच्याकडे संवेदनशील माहिती असते आणि ती सांभाळणारे तज्ज्ञ बहुधा नसतात. येथे सुरक्षा कंपन्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे त्यांना मोठ्या उद्योगासारखी वागणूक देणे. साठ पानांचा तपासणी अहवाल हाती पडलेल्या संस्थेच्या सचिवाला त्यातील काय आधी करावे हे कळत नाही, करणारा माणूस तिच्याकडे नसतो आणि अहवाल कपाटात जातो. पुढे काही घडलेच तर ‘तुम्हाला हे माहीत होते’ असा ठपका मात्र तिच्यावर येतो. दुरुस्त करता येणार नाही अशा त्रुटी शोधून देणे माझ्या मते मदतीत मोडत नाही.

त्यापेक्षा दोन भेटींचा आराखडा आखावा. पहिल्या भेटीपूर्वी संस्थेच्या अध्यक्षाच्या किंवा विश्वस्ताच्या सहीचे एक पानी पत्र घ्यावे. कोणती खाती, कोणती यंत्रे व कोणते संकेतस्थळ पाहायचे, कशाला हात लावायचा नाही, काही बिघडल्यास कोणाला फोन करायचा आणि काम कोणत्या तारखेला संपेल, एवढे त्यात असावे. संकेतस्थळ भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर चाचणीस त्या सेवापुरवठादाराचीही परवानगी लागू शकते, हे विसरू नये. विनामूल्य काम आहे म्हणून कंपनीचा व्यावसायिक दायित्व विमा आपोआप लागू होईल असे गृहीत धरू नये. विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे.

पहिल्या भेटीत संस्थेच्या लोकांसोबत बसून प्रत्यक्ष बदल करावेत. ई-मेलच्या मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत दुसरा पुरावा मागणारी सोय) लावणे हे सर्वांत पहिले काम, कारण बाकी सर्व खात्यांचे पासवर्ड त्याच खात्यावरून बदलता येतात. त्यानंतर संस्था सोडून गेलेल्या स्वयंसेवकांची चालू राहिलेली खाती बंद करावीत, सामायिक पासवर्ड वहीतून पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवावेत आणि संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर नोंदलेले आहे ते पाहावे. ते अनेकदा कधीकाळी मदत केलेल्या एखाद्या ओळखीच्या तरुणाच्या वैयक्तिक ई-मेलवर असते आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते. बॅकअप आहे का, असे विचारले की उत्तर नेहमी ‘आहे’ असेच येते. म्हणून बॅकअपमधील एक फाइल त्यांच्यासमोर परत मिळवून दाखवण्यास सांगावे.

खजिनदारासोबत स्वतंत्र अर्धा तास काढावा. लहान संस्थांचे पैसे क्लिष्ट तांत्रिक हल्ल्यांपेक्षा साध्या फसवणुकीतून जास्त जातात: नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने ई-मेल येतो, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम नव्या खात्यात भरावी’ असे त्यात लिहिलेले असते, सोबतचे बिलही खऱ्यासारखे असते आणि सहसा रक्कमही खरीच असते, कारण हल्लेखोराने आधीचा पत्रव्यवहार वाचलेला असतो. यावरील उपाय असा, की खाते बदलण्याची कोणतीही विनंती आली तर ई-मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन न करता, आपल्या जुन्या नोंदीतील क्रमांकावर फोन करून खात्री करावी आणि ती खात्री कोणी, कधी केली हे बिलावरच लिहावे. हा नियम कागदावर मोठ्या अक्षरांत छापून खजिनदाराच्या टेबलाजवळ लावावा.

दुसरी भेट तीन महिन्यांनी ठेवावी आणि तिच्यात नवे काही न शोधता पहिल्या भेटीतील बदल टिकले आहेत का एवढेच पाहावे. काम संपताना कंपनीकडे आलेले सर्व प्रवेशाधिकार काढून घ्यावेत, कोणताही पासवर्ड आपल्याकडे ठेवू नये आणि तसे लेखी कळवावे.

परिसंवाद आणि भेटीगाठींबद्दल थोडक्यात

२००१ मध्ये स्थापन झालेल्या ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या स्वयंसेवी संस्थेच्या स्थानिक शाखा किंवा २००९ मध्ये सुरू झालेल्या बी-साइड्सच्या धर्तीवरील स्वयंसेवी परिषदा यांना जागा, ध्वनिव्यवस्था, चित्रीकरण आणि वक्त्यांचा प्रवासखर्च लागतो. तो द्यावा आणि बदल्यात व्याख्यानाची वेळ विकत मागू नये. कंपनीच्या वक्त्याचा विषय इतरांप्रमाणेच निवड समितीकडून आला, तर श्रोते त्याचे ऐकतात. प्रायोजकाचे भाषण सुरू झाले की मागच्या रांगा चहाला उठतात.

चौथी पायरी: संशोधनाला मदत

सुरक्षा कंपनीकडे जी माहिती आणि जे प्रत्यक्ष अनुभव असतात ते विद्यापीठांकडे नसतात आणि विद्यापीठांकडे जो निवांतपणा असतो तो कंपनीकडे नसतो. दोघांचे जमले तर उत्तम काम होते, पण त्याआधी चार-पाच गाठी सोडवाव्या लागतात.

पहिली गाठ विषयाची. विद्यार्थ्याला प्रबंधासाठी असा विषय देऊ नये, की ज्याचा निकाल कंपनीला पुढच्या तिमाहीत विकायचा आहे. तातडीचे काम पगारी माणसाकडून करून घ्यावे. विद्यार्थ्याला असा प्रश्न द्यावा, ज्याचे उत्तर नकारार्थी आले तरी प्रबंध उभा राहील. मार्गदर्शक म्हणून एक नाव निश्चित करावे आणि आठवड्यातील एक ठरलेला तास त्याच्या वेळापत्रकात बांधून टाकावा.

दुसरी गाठ प्रकाशनाची. संशोधकाला निष्कर्ष प्रसिद्ध करावे लागतात, कंपनीला गोपनीयता जपावी लागते. करारात असे स्पष्ट लिहावे, की मजकूर प्रसिद्धीपूर्वी कंपनी वाचेल, ग्राहकाची ओळख पटेल असा भाग काढण्यास सांगेल आणि गरज पडल्यास ठरावीक मुदतीपुरते प्रकाशन पुढे ढकलण्यास सांगेल, परंतु ते कायमचे रोखणार नाही. निष्कर्ष कंपनीच्या उत्पादनाला गैरसोयीचे असले तरी हेच लागू राहील, हे वाक्य करारात असणे संशोधकाच्या दृष्टीने फार मोलाचे असते.

तिसरी गाठ माहितीच्या अनामिकीकरणाची, म्हणजे तिच्यातून ओळख पुसून टाकण्याची, आणि येथे सुरक्षा क्षेत्रातले लोकही घसरतात. नोंदवह्यांतील आयपी पत्त्यांऐवजी (इंटरनेटवरील यंत्रांच्या क्रमांकांऐवजी) त्यांचे हॅश, म्हणजे गणिती सूत्राने काढलेले ठसे, लिहून दिले की माहिती अनामिक झाली, असा समज आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४ अब्ज २९ कोटी आहेत; साधा संगणकही त्या सर्वांचे हॅश थोड्या वेळात काढून तक्ता बनवू शकतो आणि मग प्रत्येक हॅशमागचा मूळ पत्ता त्या तक्त्यात सापडतो. गुप्त किल्ली वापरून हॅश केला आणि माहिती सुपूर्द केल्यावर ती किल्ली नष्ट केली, तर हा मार्ग बंद होतो. तरीही वेळेच्या नोंदी, फाइलींची नावे आणि यंत्रांची अंतर्गत नावे यांवरून संस्था ओळखू येऊ शकते. म्हणून माहिती देण्यापूर्वी, ती तयार न केलेल्या सहकाऱ्याला तासभर देऊन ‘यात कोण आहे ते ओळखून दाखव’ असे सांगावे. आणि ग्राहकाच्या मूळ करारात संशोधनासाठी माहिती देण्याची मुभा नसेल, तर अनामिकीकरण कितीही चांगले असले तरी आधी ग्राहकाची लेखी संमती घ्यावी.

चौथी गाठ त्रुटी जाहीर करण्याची. एखाद्या ग्राहकाची तपासणी करताना तिसऱ्याच कंपनीच्या उत्पादनात नवी त्रुटी सापडते, तेव्हा ती कोणाची? हा प्रश्न त्रुटी सापडल्यावर विचारला की भांडण होते; म्हणून कामाच्या करारातच असे कलम घालावे, की अशी त्रुटी ग्राहकाला कळवून, त्याचे नाव न उघडता उत्पादकाला कळवण्याचा अधिकार कंपनीला असेल. पुढची वाट बरीच रुळलेली आहे. १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या घातक प्रोग्रामनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेले समन्वय केंद्र त्रुटी कळवल्यापासून साधारण ४५ दिवसांनी ती जाहीर करते. गुगलचा २०१४ मध्ये सुरू झालेला प्रोजेक्ट झीरो उत्पादकाला ९० दिवस देतो. १९९९ पासून चालत आलेल्या सीव्हीई पद्धतीने प्रत्येक त्रुटीला क्रमांक मिळतो. कंपनीने स्वतःची मुदत ठरवून ती संकेतस्थळावर लिहून ठेवावी आणि सर्वांना सारखीच लावावी, मग उत्पादक आपला ग्राहक असो वा नसो. स्वतःच्या संकेतस्थळावर ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ ही संपर्क फाइल असावी; तिचे स्वरूप आरएफसी ९११६ या दस्तऐवजाने २०२२ मध्ये निश्चित केले आहे. दुसऱ्यांना त्रुटी कळवणाऱ्या कंपनीला स्वतःची त्रुटी कोठे कळवायची हे बाहेरच्याला सापडू नये, हे चित्र बरे दिसत नाही.

शेवटची गाठ नीतीची. २०२१ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संशोधकांनी लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मुद्दाम सदोष दुरुस्त्या पाठवून त्या पकडल्या जातात का याचा अभ्यास केल्याचे समोर आले. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्या देखभालकर्त्यांची संमती घेतलेली नव्हती. त्यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे योगदान घेणे थांबवले आणि शोधनिबंध मागे घ्यावा लागला. माहिती तंत्रज्ञानातील संशोधनासाठी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेन्लो अहवालात व्यक्तींचा आदर, हित साधणे, न्याय आणि कायदा व लोकहिताचा आदर अशी चार तत्त्वे दिली आहेत. कंपनीच्या समितीने प्रत्येक प्रस्तावावर ती प्रश्नरूपाने लावावीत: या प्रयोगात कोणाचा वेळ, माहिती किंवा विश्वास खर्च होणार आहे आणि त्याला ते माहीत आहे का? कर्मचारी फिशिंगला, म्हणजे माहिती काढून घेणाऱ्या खोट्या ई-मेलला, फसतात का हे तपासणारे प्रयोग तर या चाळणीतून गाळूनच घ्यावेत, कारण पगारवाढीचे किंवा आजारपणाचे खोटे आमिष दाखवून मिळवलेला आकडा काहीही सिद्ध करत नाही. कर्मचाऱ्यांचा रोष मात्र टिकतो.

पाचवी पायरी: खेळ

या क्षेत्राचा स्वतःचा असा एक खेळ आहे, तो म्हणजे ‘कॅप्चर द फ्लॅग’, मुद्दाम सदोष ठेवलेल्या प्रणालींत लपवलेले सांकेतिक उत्तर शोधण्याची स्पर्धा. हॅकरांच्या डेफकॉन परिषदेत १९९६ पासून तो खेळला जातो, शाळकरी मुलांसाठी कार्नेगी मेलनने २०१३ मध्ये पिकोसीटीएफ सुरू केले आणि युरोपात देशोदेशींचे तरुण संघ दरवर्षी एका स्पर्धेत उतरतात. प्रश्नसंच सोडवून गुण मिळवणे हा त्याचा सोपा प्रकार. स्वतःची प्रणाली सांभाळत दुसऱ्या संघाच्या प्रणालीवर चाल करणे हा अवघड प्रकार. पहिल्यांदाच स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीने सोपाच प्रकार निवडावा.

प्रश्न तयार करताना काही पथ्ये पाळावीत. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र कंटेनरमध्ये (बाकी प्रणालीपासून अलग ठेवलेल्या कप्प्यात) असावा, म्हणजे एका संघाने तो बिघडवला तरी दुसऱ्याचे अडत नाही आणि कोणी ठरवलेल्या मार्गाव्यतिरिक्त आत शिरले तरी कंपनीच्या खऱ्या नेटवर्कपर्यंत पोहोचत नाही. प्रश्न ज्याने लिहिला त्याने सोडून दुसऱ्याने तो फक्त दिलेल्या मजकुरावरून सोडवून पाहावा. लिहिणाऱ्याला स्वतःचे उत्तर ‘सहज सुचेल’ असेच वाटत असते. पहिल्या दोन-तीन प्रश्नांत कोणालाही यश मिळेल अशी सोय ठेवावी, कारण पहिल्या तासात शून्यावर राहिलेला नवशिका परत येत नाही. अंदाजाने उत्तर ओळखावे लागेल असे प्रश्न काढून टाकावेत. स्पर्धा संपल्यावर प्रश्नांचे मूळ स्रोत आणि उत्तरे खुली करावीत, म्हणजे शिक्षकांना ती पुढे वर्गात वापरता येतात. नियमपत्रात ‘स्पर्धेची गुणफलक प्रणाली आणि इतर स्पर्धक हे लक्ष्य नाहीत’ हे वाक्य ठळकपणे घालावे, नाहीतर कोणीतरी ते लक्ष्य करतोच.

आता मैदानावरचे खेळ. संघाचे प्रायोजकत्व घेताना रकमेसोबत सुरक्षेचे कामही देऊ करावे, कारण क्रीडासंस्थांकडे खेळाडूंच्या जन्मतारखा, वैद्यकीय नोंदी, छायाचित्रे आणि पालकांचे संपर्क असतात. २०१६ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रणालीत फिशिंगने मिळवलेल्या खात्यातून शिरून खेळाडूंच्या औषध-सवलतींच्या (वैद्यकीय कारणासाठी बंदी असलेले औषध घेण्याच्या परवानगीच्या) नोंदी उघड करण्यात आल्या. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये एका संघाच्या अधिकाऱ्याने, आपल्याकडून दुसऱ्या संघात गेलेल्या सहकाऱ्याचा जुना पासवर्ड पाहून त्याच्याशी मिळताजुळता नवा ओळखला, प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडू-माहितीत शिरकाव केला आणि २०१६ मध्ये त्याला ४६ महिन्यांची कैद झाली. दोन्ही घटनांत बचाव अगदी सामान्य होता: दुहेरी पडताळणी, आणि नोकरी बदलताना पूर्णपणे नवा पासवर्ड.

स्पर्धेच्या आयोजनाला मदत करायची असेल तर वेळापत्रक उलट दिशेने मांडावे. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी प्याँगचँग हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात ‘ऑलिंपिक डिस्ट्रॉयर’ या घातक प्रणालीने वाय-फाय, संकेतस्थळ आणि तिकीट छपाई बंद पाडली. हल्ल्याची वेळ सर्वांत गैरसोयीची निवडलेली होती. लहान स्पर्धेलाही सामन्याच्या दिवशीच धोका असतो, मग तो हल्ल्याचा असो की ऐनवेळी केलेल्या बदलाचा. म्हणून स्पर्धेच्या सहा आठवडे आधी नोंदणी, तिकीट, वेळमापन आणि निकाल या प्रणालींची यादी करावी. चार आठवडे आधी त्यांची तपासणी आणि दुरुस्ती उरकावी. एक आठवडा आधी सर्व बदल थांबवावेत. प्रेक्षकांचे वाय-फाय आणि आयोजकांचे नेटवर्क वेगळे असावे. नोंदणीची यादी आदल्या रात्री कागदावर छापून ठेवावी. इंटरनेट बंद पडल्यास निकाल हाताने कसे नोंदवायचे याची अर्ध्या तासाची तालीम पंचांसोबत घ्यावी. ही तालीम बहुतेकांना अनावश्यक वाटते, तरी ती सोडू नये.

प्रायोजकत्वाच्या करारात दोन कलमे आवर्जून घालावीत. अल्पवयीन खेळाडूंचे छायाचित्र कंपनीच्या जाहिरातीत वापरायचे तर पालकांची त्या विशिष्ट वापरासाठी लेखी संमती हवी. संघाच्या प्रवेशअर्जातील सरसकट संमती पुरेशी धरू नये. दुसरे, करार किमान दोन-तीन हंगामांचा असावा. मुलींच्या, कनिष्ठ गटांच्या आणि दिव्यांगांच्या संघांना प्रायोजक मिळणे कठीण असते आणि मिळालेला प्रायोजक टिकणे त्याहून कठीण असते. तेथे हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा.

कर्मचाऱ्यांचा स्वतःचा धावण्याचा किंवा सायकलिंगचा गट असेल तर कंपनीने प्रवेशशुल्क भरावे, पण सहभागाची नोंद मूल्यमापनात आणू नये. ज्याला धावायचे नाही त्याला ‘संघभावना’ शिकवण्याची गरज नसते. एक सूचना मात्र सुरक्षा कंपनीला विशेष लागू आहे. स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावरून पुढे लष्करी तळांच्या हद्दी आणि जवानांच्या धावण्याचे मार्ग दिसत असल्याचे लक्षात आले. ग्राहकाच्या इमारतीत गुप्तपणे शिरण्याची चाचणी करणारा कर्मचारी दुपारी त्याच इमारतीभोवतीची आपली धाव सार्वजनिक ठेवत असेल, तर तो ग्राहकाची माहिती फोडत असतो. गटात सामील होतानाच घर, कार्यालय आणि ग्राहकाच्या जागा लपवण्याची सेटिंग लावून घ्यावी.

सहावी पायरी: उपयोग झाला का ते पाहणे आणि योग्य रीतीने थांबणे

वर्षाच्या शेवटी किती रक्कम दिली आणि किती छायाचित्रे निघाली हे मोजणे सोपे असते, म्हणून तेच मोजले जाते. त्याऐवजी प्रत्येक कामाला एक असा प्रश्न लावावा, ज्याचे उत्तर मदत घेणाऱ्याकडूनच मिळेल. संस्थेतील दुहेरी पडताळणी सहा महिन्यांनी चालू आहे का? पाठवलेली दुरुस्ती मुख्य प्रकल्पात स्वीकारली गेली का? प्रबंध प्रसिद्ध झाला का? स्पर्धेतील किती संघांनी किमान तीन प्रश्न सोडवले आणि त्यांतील किती पुढील वर्षी परतले? ज्याचे उत्तर सलग दोन वर्षे ‘नाही’ येते ते काम बदलावे किंवा सोडावे.

प्रसिद्धी करायला हरकत नाही, पण मजकूर आधी त्या संस्थेला दाखवावा. कोणत्या संस्थेत कोणती त्रुटी होती हे लिहू नये, आणि ‘आम्ही त्यांना पूर्णपणे सुरक्षित केले’ असे तर कधीच लिहू नये. ते खरे नसते आणि कोणाला तरी ते खोटे ठरवून दाखवण्याची इच्छा होते.

मदत थांबवण्याची पद्धत सुरू करतानाच ठरवावी, कारण कंपनीचे दिवस पालटतात, माणसे सोडून जातात आणि अचानक तुटलेली मदत कधीकधी न मिळालेल्या मदतीपेक्षा जास्त अडचण करते. मुक्तस्रोत प्रकल्पाला आणि क्रीडासंघाला पुढील आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी लेखी कळवावे. कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी त्यांची कोणतीही प्रणाली असेल तर ती दुसरीकडे हलवण्यासाठी एका अभियंत्याचे दिवस त्याच सूचनेत नोंदवावेत. सामाजिक संस्थेच्या बाबतीत हस्तांतराच्या कागदावर तीन गोष्टी असाव्यात: कोणती खाती कोणाच्या नावावर आहेत, बॅकअप कोठे आहे आणि तो परत कसा मिळवायचा, आणि संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे. त्या कागदावर संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, कारण एकाच्या सहीचा कागद तो पदाधिकारी बदलला की सापडत नाही.